किती बॅगा म्हणजे फार?

जुलै 2025 मध्ये पॅरिसला सदबीज या लिलावगृहात एक जुनी काळी चामड्याची बॅग 86 लाख युरोंना गेली. तेव्हाच्या दराने जवळपास 86 कोटी रुपये. बॅग कोरी नव्हती. चांगली रगडून वापरलेली होती आणि पूर्वी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा तिच्यावर अजून दिसत होत्या. आपल्याकडे बातमी फिरली तेव्हा बहुतेकांनी त्या रकमेत कोथरूडला किती फ्लॅट येतील याचा हिशेब आधी केला. मग कुणीतरी विचारलंच, ‘लोकांना वेड लागलंय का?’

प्रश्न चेष्टेचा असला तरी अगदीच फुकाचा नाही. फोन उघडला की कुणी इन्फ्लुएन्सर भिंतभर बॅगा लावलेल्या खोलीत उभी असते, प्रत्येक कप्प्यात वेगळा दिवा. सिंगापूरची इन्फ्लुएन्सर जेमी चुआ हिच्याकडे एकट्या एर्मेस कंपनीच्या दोनशेहून जास्त बॅगा असल्याचं वर्षानुवर्षं छापून येतंय. इकडे वाकडच्या एखाद्या टू-बीएचकेत पलंगाच्या बॉक्समध्ये, कपाटावर, वॉशिंग मशीनच्या मागे चाळीस-पन्नास बॅगा कोंबलेल्या असतात आणि आई हळूच विचारते, ‘हिला दाखवायला पाहिजे का कुणाला?’ दोन्हीकडे बॅगाच. त्यातला छंद कुठला, धंदा कुठला आणि आजार कुठला हे ओळखायचं कसं, ते पाहू.

एक बॅग एवढी महाग होतेच कशी

ती 86 कोटींची बॅग जेन बर्किन या गायिका-अभिनेत्रीची. विमानात तिच्या शेजारी एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. तरुण आईला सगळं सामान मावेल अशी धड बॅगच मिळत नाही, अशी तक्रार तिने केली. त्यातून 1984 मध्ये ‘बर्किन’ ही बॅग तयार झाली. कंपनीने तिच्यासाठी बनवलेली पहिली बॅग तिने नऊ-दहा वर्षं रोजच्या रोज वापरली. त्यात वाटेल ते कोंबलं, पट्ट्याला नेलकटर अडकवलं आणि 1994 मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावाला देऊन टाकली. जगातली सगळ्यात महाग बॅग तिच्या मालकिणीने स्वतःच देऊन टाकलेली होती, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आज दुकानात नव्या बर्किनची किंमत साधारण दहा लाख रुपयांच्या आसपास सुरू होते. पण पैसे घेऊन गेलात म्हणून ती मिळेल असं नाही. आधी त्या दुकानातून स्कार्फ, बूट, ताटल्या असं बरंच काही घ्यावं लागतं, ओळख वाढवावी लागते, मग कधीतरी ‘तुमच्यासाठी एक आली आहे’ असा निरोप येतो, असा ग्राहकांचा अनुभव आहे. बॅग मिळवण्यासाठी बाकीच्या वस्तू गळ्यात मारतात, असा दावा करत 2024 मध्ये कॅलिफोर्नियात काही ग्राहक कोर्टातही गेले होते. पुणेकराला ही पद्धत नवी वाटू नये. गिऱ्हाइकाला आपली गरज आहे, आपल्याला गिऱ्हाइकाची नाही, हा बाणा आपल्याकडे बिनाजाहिरातीचा जपला गेलाय.

अर्थशास्त्रात अशा मालाला ‘वेब्लेन वस्तू’ म्हणतात. थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1899 मध्ये मांडलं, की काही वस्तू लोक त्या महाग असूनही घेतात असं नाही, महाग आहेत म्हणूनच घेतात, कारण ऐपत दिसावी हाच त्यांचा उपयोग. किंमत वाढली तरी अशा वस्तूची मागणी कमी होत नाही, उलट वाढू शकते. शनेल कंपनीची मधल्या मापाची क्लासिक बॅग 2019 च्या शेवटी अमेरिकेत 5,800 डॉलरला होती, 2024 मध्ये ती 10,000 डॉलरच्या वर होती. बॅग तीच. (‘प्राडा’ या अशाच महागड्या कंपनीचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेल्या चपलेचं कौतुक व्हायला मिलान लागलं, पण तो वेगळा विषय.)

संग्रह बघायचा तर बाजीराव रोडला चला

बॅगांच्या आकड्याने डोळे विस्फारण्याआधी आपल्या गावातलं उदाहरण घेऊ. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. हे सगळं एका माणसाने, डॉ. दिनकर गंगाधर केळकरांनी, काही दशकं देशभर हिंडून जमवलं. अडकित्ते, लामणदिवे, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. संग्रहालयाला त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव आहे. मांडलेल्या वस्तू अडीच हजारांच्या आसपास, बाकीच्या आत ठेवलेल्या. म्हणजे निव्वळ आकड्यावर जायचं, तर दोनशे बॅगांची भिंत केळकरांच्या संग्रहापुढे शांत बसेल. इतके अडकित्ते कशाला, असं त्या काळी त्यांना कुणी विचारलं नसेल असं मला वाटत नाही.

तरीही त्याला कुणी अडगळ म्हणत नाही. जमवण्यामागे एक विषय होता, रोजच्या जगण्यातल्या वस्तूंमधली कारागिरी. काय घ्यायचं आणि काय सोडायचं याची निवड होती. कुठली वस्तू कुठून आली याची माहिती होती, मांडणी होती. आणि 1975 मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला.

संग्राहकांवर जे संशोधन झालंय, तेही याच खुणा दाखवतं. अॅशली नॉर्डस्लेटन आणि डेव्हिड मातेक्स-कोल्स यांनी 2012 मध्ये जमवण्याचा छंद आणि वस्तू साठवत राहण्याचा विकार यांची तुलना केली होती. संग्राहक ठरावीक प्रकारच्या वस्तूंमागे असतो, शोध घेऊन, ठरवून मिळवतो, नीट लावतो आणि कुणी बघायला आलं की खूश होतो. विकार असलेल्याकडे वस्तू बेत नसताना येत राहतात, मिसळून जातात आणि घरात कुणी आलेलं नको वाटतं. दारावरची बेल वाजली की मनात काय येतं, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

मग विकार म्हणजे नेमकं काय

इंग्रजीत ज्याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात त्याला इथे साठवण-विकार म्हणू. 2013 पर्यंत हा वेगळा आजार मानला जात नव्हता, मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं, एक लक्षण समजून सोडून देत. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारसूचीत त्याची स्वतंत्र नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या सूचीतही तो आहे. शंभरात साधारण दोन-तीन माणसांना तो असावा, असा अंदाज आहे.

निदानासाठी डॉक्टर वस्तूंची संख्या विचारत नाहीत, किंमतही नाही. पहिली गोष्ट, वस्तू टाकणं किंवा देणं सतत जड जातं, मग ती वस्तू लाखाची असो की दुधाची रिकामी पिशवी. दुसरी, टाकायचं म्हटलं की खरोखरचा त्रास होतो, जीव कासावीस होतो, चिडचिड होते. तिसरी, साठलेल्या वस्तूंनी राहत्या जागा इतक्या भरतात की त्या जागा वापरताच येत नाहीत. आणि या सगळ्याचा त्या माणसाला त्रास होत असतो, किंवा काम, नाती, सुरक्षितता यांवर परिणाम होत असतो.

तिसरी खूण पुण्यात समजावणं सोपं आहे. लक्ष्मी रोडला फूटपाथ आहे का? कागदावर आहे. पण त्यावर गाड्या, हातगाड्या, दुकानाबाहेर काढलेले पुतळे. गाड्या किती आहेत हे आपण मोजत बसत नाही, चालता येतं का एवढंच बघतो. घराचंही तसंच. ओट्यावर स्वयंपाक करता येतो का? पलंगावर झोपता येतं का? बाथरूमच्या दारापर्यंत काही न ओलांडता जाता येतं का? यासाठी तज्ज्ञांकडे फोटोंचं एक साधन असतं. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठक, प्रत्येकीचे नऊ फोटो, रिकाम्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. आपली खोली कुठल्या फोटोसारखी दिसते ते सांगायचं. चौथ्या किंवा त्यापुढच्या फोटोवर बोट गेलं, तर प्रकरण गंभीरपणे घ्यायचं.

थोडीफार चिकटून राहायची वृत्ती सगळ्यांमध्येच असते. 1990 मध्ये डॅनिएल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायचे तर किती घ्याल, असं विचारलं. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, घ्यायचा तर किती द्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी दुप्पट किंवा त्याहून जास्त किंमत सांगितली. वस्तू आपली झाली की महाग होते, ती ही अशी. साठवण-विकारात हीच ओढ कित्येक पटींनी वाढते आणि बिल, डबा, पिशवी असा कुठलाही भेद ठेवत नाही.

वयाबद्दलही एक गैरसमज आहे. हा इन्स्टाग्रामच्या पिढीचा आजार नव्हे. लक्षणं अनेकदा किशोरवयात दिसू लागतात, पण त्रास व्हायला तिशी-चाळिशी उजाडते, आणि पंचावन्नच्या पुढच्यांमध्ये प्रमाण तरुणांपेक्षा बरंच जास्त आढळतं.

मोठ्या घराचा गोंधळ

इथे मला एक शंका आहे, आणि ती निकष लिहिणाऱ्यांनाही आली असेलच. खोली वापरता येते का, ही कसोटी जागेवर अवलंबून आहे. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत साठ बॅगा म्हणजे जेवायला बसायला जागा नाही. कोरेगाव पार्कच्या बंगल्यात सहाशे बॅगा म्हणजे एक खोली जास्त आणि धूळ पुसायला एक माणूस. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा पसारा दिसत नाही, कारण तो आणखी जागा विकत घेतो. कुणी दुसरा रोज आवरून ठेवत असल्यामुळे घर मोकळं दिसत असेल, तरी निदान होऊ शकतं, अशी सोय निकषांत आहे खरी. तरी काचेच्या कपाटात लावलेली गोष्ट आपण संग्रहच समजतो.

म्हणून मी पहिल्या खुणेला जास्त वजन देते. सोडता येतं का? जेन बर्किनला आलं. केळकरांना आलं. ज्यांना येत नाही त्यांच्याकडे चार बॅगा असल्या तरी गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि हो, व्हिडिओ बघून कुणाचंही निदान करता येत नाही, जेमी चुआचंही नाही आणि तुमच्या चुलत नणंदेचंही नाही.

भिंत इन्फ्लुएन्सरची, माल कुणाचा?

सर्वात मोठी गल्लत होते ती इथे. रीलमध्ये दिसणारी भिंत आपण तिचं कपाट समजतो. अनेकदा ती दुकानाची शोकेस असते. काही बॅगा ब्रँडने शूटपुरत्या दिलेल्या असतात आणि परत जातात. काही भेट असतात. काही भाड्याच्या. काही विकत घेऊन, व्हिडिओ करून, महिन्याभरात ‘प्री-लव्हड’, म्हणजे साध्या मराठीत सेकंड हँड, म्हणून विकलेल्या. खालच्या लिंकवरून तुम्ही काही घेतलंत तर तिला कमिशन. बॅगा तिच्याकडे येतात आणि जातात, त्यातून घर चालतं. बोहरी आळीतल्या दुकानदाराच्या मागे खोकी रचलेली असतात म्हणून त्याला कुणी साठवण-विकार आहे असं म्हणत नाही.

आयकर खात्याने हा फरक फार स्वच्छ केलाय. 1 जुलै 2022 पासून धंद्यानिमित्त दिलेल्या भेटी आणि फायदे वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेले, तर देणाऱ्याने 10 टक्के कर कापायचा, असा नियम आला. मग इन्फ्लुएन्सरला शूटसाठी दिलेल्या वस्तूचं काय? खात्याने खुलासा केला: वस्तू परत केली तर तो फायदा नाही, ठेवून घेतली तर आहे.

बघणाऱ्याला मात्र हे कळायला हवं ना? त्यासाठीही नियम आहेत. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, ‘अॅस्की’ने, 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं, की पैसे, भेट, फुकट प्रवास, काहीही मिळालं असेल तर ते पोस्टमध्ये ठळकपणे, सहज दिसेल असं सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पुढचं रील बघताना ‘पेड पार्टनरशिप’ हे शब्द कुठे आणि किती बारीक लिहिलेत, तेवढं बघा.

आणि बघणाऱ्याच्या कपाटात

बॅगा येऊन साठतात त्या इथे. इन्फ्लुएन्सरचा माल फिरता, बघणारीचा स्थिर.

अशी एक कपाटं भरलेली खोली मी ऐन ऑगस्टमध्ये पाहिली आहे. दार उघडलं की आधी वास, दमट आणि किंचित आंबट. पुढच्या रांगेतल्या बॅगांच्या हँडलवर दुकानातलं पातळ प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं, दोन-तीन बॅगांना किमतीची चिठ्ठीही लटकत असलेली. एक गुलाबी बॅग उचलली तर बोटांना चिकट लागली आणि तळव्यावर गुलाबी खपल्या आल्या. आतून नुसतं करडं कापड. ही पीयूची करामत. ‘पीयू लेदर’ म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या ओलाव्याने त्या थराची रासायनिक घडण हळूहळू तुटत जाते, आधी चिकटपणा येतो, मग पापुद्रे सुटतात. न वापरताही. पुण्याचे चार पावसाळे बंद कपाटात काढले की फॅशन स्ट्रीटच्या ‘फर्स्ट कॉपी’चं हे असं होतं. खऱ्या चामड्याला बुरशी धरते, पण ती पुसता येते, वारा दिला की चामडं टिकतं. पीयूची उतरलेली पापडी परत लावता येत नाही.

वापरासाठी घेतलेली वस्तू वापराविनाच मेली, हे मला त्या खोलीतल्या पसाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तरी हा साठवण-विकार असेलच असं नाही. घेण्यातच सगळी मजा आणि पार्सल फोडलं की संपली, असं होत असेल तर ते अनावर खरेदीकडे झुकतं. तो वेगळा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये त्याचा उल्लेख सापडतो, पण अमेरिकी सूचीत त्याला अजून स्वतंत्र जागा नाही. ओळखायची सोपी खूण बँकेच्या खात्यात असते. क्रेडिट कार्डावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. किमान रक्कम भरत राहून घेतलेली तीन हजारांची बॅग कितीला पडली, हे एकदा कागदावर मांडून बघावं.

‘पण ही तर गुंतवणूक आहे!’

थोडक्यात: बहुतेकींची नाही. जुन्या बाजारात खरेदीपेक्षा जास्त भाव येतो तो मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या बॅगांना, त्याही डबा, पावती आणि कोरेपणा शाबूत असेल तर. बाकीच्या बॅगा दुकानाची पायरी उतरल्या की किंमत गमावतात. शिवाय विकताना दलाली जाते, खरी की खोटी याची तपासणी होते. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगवर विक्रेता 1 टक्का कर आगाऊ वसूल करतो. बारा लाखांच्या बॅगेवर 12,000. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण खरेदीची नोंद खात्याकडे जाते. आणि गुंतवणूक म्हणायचं तर ती कधीतरी विकायची तयारी हवी. ‘ही विकेन? वेडी आहेस का!’ असं उत्तर येत असेल तर गुंतवणूक हा शब्द नवऱ्यासाठी वापरलेला आहे.

‘आणि आजीचे डबे?’

माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे, पिशवीत कोंबलेल्या पिशव्या, ‘असू दे, लागेल कधीतरी’. मराठी घरात हे नसेल तर घर नवीन आहे असं समजावं. हा विकार नाही, कारण ते डबे लागतातही, शेजारी भाजी पाठवताना जातातही, आणि दिवाळीच्या आवराआवरीत आजी त्यातले निम्मे स्वतः भंगारात काढते. गरिबीत वाढलेली माणसं पुढे साठवण-विकारी होतात, हा समजही 1993 च्या एका सुरुवातीच्या अभ्यासात खरा ठरला नव्हता. पैठण्यांचंही तसंच. ट्रंक भरलेली असली तरी लेकीच्या लग्नात त्यातली एक हसत बाहेर निघते.

घरात खरंच कुणी असं असेल तर

एक गोष्ट करू नका. माणूस बाहेरगावी गेलेला बघून भंगारवाल्याला बोलावणं. घर एका दुपारी मोकळं होतं, विश्वास जातो, आणि घर पुन्हा भरतं. कित्येकदा पूर्वीपेक्षा लवकर. या आजारासोबत नैराश्य किंवा चिंता अनेकदा असते, त्यामुळे ‘आळशी आहे, शिस्त नाही’ हे बोलणंही कामाचं नाही.

ज्यातून गुण येताना दिसतो तो उपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तन हळूहळू बदलण्याची समुपदेशनाची पद्धत. त्यात वस्तू हातात घेऊन ठेवायची की द्यायची हे त्या माणसाने स्वतः ठरवायचं असतं, सुरुवात सोप्या वस्तूंपासून. नवीन काही घरात न आणण्याचा सरावही त्यात येतो, अगदी तुळशीबागेतून रिकाम्या हाताने चक्कर मारून येण्यापर्यंत. वेळ लागतो. महिने जातात. घरच्यांनी त्या काळात कपाटाऐवजी आधी गॅसजवळची आणि दाराकडे जायची वाट मोकळी करून घ्यावी, कारण आग लागणं आणि अडखळून पडणं हे खरे धोके आहेत.

मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जायला कुणी तयार नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.